कायदा कोठे वाचावयास मिळतो?

कायदा ठाऊक नव्हता ही सबब न्यायालयात चालत नाही, हे आपण सर्वांनी ऐकले आहे. तत्त्व कठोर आहे, पण त्यावाचून गत्यंतर नाही. नाही तर जो तो अज्ञानाच्या आडोशाला जाऊन उभा राहील. मात्र या तत्त्वाची दुसरी बाजू फारशी कोणी सांगत नाही. प्रजेने कायदा जाणला पाहिजे असे ज्याला म्हणावयाचे आहे, त्याने तो कायदा प्रजेला वाचावयास ठेवला पाहिजे.

हे आमच्या पदरचे म्हणणे नव्हे. जयपूर संस्थानच्या अफूच्या कायद्याखाली हरला नावाच्या इसमास पन्नास रुपये दंड झाला होता. तो कायदा म्हणजे १९२३ साली संस्थानच्या मंत्रिमंडळाने केलेला एक ठराव. तो राजपत्रात छापला गेला नव्हता, की दवंडी पिटून कोणाला सांगितला गेला नव्हता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९५१ साली न्यायालयाने सांगितले की, जो कायदा लोकांपुढे मांडलाच गेला नाही, तो कायदा म्हणून कोणावर लादता येत नाही. दंड रद्द झाला. पन्नास रुपयांचा हा खटला आम्हांस फार मोठा वाटतो. कायदा वाचावयास मिळणे ही सरकारची मेहेरबानी नसून कायद्याच्या अंमलाचीच ती पहिली अट आहे, असा त्याचा अर्थ आहे.

आज कायदे छापले जातात, प्रसिद्धही होतात. पण बीड, माजलगाव, अंबाजोगाई, परळी यांसारख्या गावी राहणाऱ्या माणसाला ते एका जागी सापडत नाहीत. काही ग्रंथालयात असतात, काही राजपत्रात, काही कचेरीच्या दप्तरात, काही वकिलांच्या कपाटात आणि काही आता संगणकावर. हे विखुरलेले कपाट एकत्र कसे करावे, कोणत्या क्रमाने काय विचारावे, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे. आम्ही वकील नव्हे. कामगार संघटनेच्या कामात जे वाचावे लागले ते वाचनालयाच्या बाकावर बसून वाचले, आणि ज्याला मराठी नीट वाचता येते त्याला कायद्याचे पुस्तक उघडता येते असा आमचा अनुभव आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे म्हणतात. ते खरे मानले, तर शहाण्याने कायद्याचे पान वेळेवर उलटावे हेही त्यातच आले.

माहिती आणि सल्ला

प्रथम एक भेद समजून घेऊ. कायद्याची माहिती वेगळी आणि कायद्याचा सल्ला वेगळा. अमुक विषयावर कोणता कायदा आहे, त्याचे पुस्तक कोठे आहे, त्यात कोणते कलम पाहावे, ही माहिती झाली. ती ग्रंथपाल देऊ शकतो आणि त्याने ती दिली पाहिजे. “मी दावा लावू काय? मी जिंकेन काय? या कागदावर सही करू काय?” हे सल्ल्याचे प्रश्न झाले. त्यांची उत्तरे ग्रंथपालाने देऊ नयेत आणि वाचकाने त्याच्याकडे मागू नयेत. डॉक्टरकडे जाण्यापूर्वी आपल्या शरीराविषयी चार गोष्टी वाचून गेलेला रोगी डॉक्टरचे म्हणणे अधिक चांगले समजू शकतो. कायद्याचेही तसेच आहे. वकिलाची गरज वाचनाने संपत नाही, पण त्याला काय विचारावे ते कळते.

ग्रंथालयात काय मागावे

मराठवाड्यासाठी १९५५ साली हैदराबाद राज्याने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला होता. पुढे महाराष्ट्राने सर्व राज्यासाठी १९६७ चा कायदा केला. जिल्ह्याच्या ठिकाणचे शासकीय जिल्हा ग्रंथालय आणि गावोगावची अनुदानित वाचनालये या कायद्याच्या व्यवस्थेत येतात. तेथे कादंबऱ्यांना आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांना गर्दी असते. कायद्याची फळी बहुधा शांत असते. ती शोधण्यास एक आकडा पुरे आहे. ड्यूई यांच्या दशांश वर्गीकरणात कायद्याचा क्रमांक ३४० आहे. संविधानाचा कायदा ३४२, कामगार व समाजकल्याणाचा ३४४, फौजदारी ३४५, मालमत्ता, करार व कुटुंब यांचा ३४६ आणि न्यायालयीन कार्यपद्धतीचा ३४७. ज्या ग्रंथालयात ही पद्धत आहे तेथे हे क्रमांक सांगितले की ग्रंथपाल थेट फळीपाशी नेईल.

पुस्तके तीन प्रकारची असतात. पहिला प्रकार नुसत्या मूळ अधिनियमाचा. त्यात कायद्याची कलमे जशीच्या तशी असतात. दुसरा सटीप ग्रंथांचा. त्यात प्रत्येक कलमाखाली न्यायालयांनी लावलेले अर्थ दिलेले असतात. तिसरा प्रकार सोप्या भाषेतील मार्गदर्शकांचा. वाचकाने सुरुवात तिसऱ्यापासून करावी, पण भरवसा पहिल्यावर ठेवावा. इंग्रजी संज्ञा अडवू लागल्या तर राज्याच्या भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश मागावा. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते, म्हणून एखाद्या शब्दावर वाद असेल तेव्हा मराठी पाठाशेजारी इंग्रजी पाठ ठेवून वाचणे बरे.

गावात पुस्तक नसेल तर छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय विभागीय ग्रंथालय आहे, आणि सरकारी प्रकाशने विकत मिळण्यासाठी शासकीय ग्रंथागारही आहे. विधी महाविद्यालयांची ग्रंथालये विद्यार्थ्यांसाठी व वकील संघांची ग्रंथालये सभासदांसाठी असतात. तरी ओळखीच्या वकिलामार्फत एखादा निवाडा तेथे पाहता येतो.

चार प्रश्न

पुस्तक हाती आले म्हणजे काम झाले असे नाही. कोणत्याही बाबतीत चार प्रश्न क्रमाने विचारावे लागतात. या विषयावर कायदा कोणता? तो आपल्या भागाला लागू आहे काय? तो आजही चालू आहे काय? आणि न्यायालयांनी त्याचा अर्थ काय केला आहे?

आपल्या जिल्ह्यातील एक नेहमीचे उदाहरण घेऊ. समजा, एक जोडपे, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत एक कोयता, मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला गेले. पट्टा पडल्यावर हिशेबात उचल फिटली नाही असे निघाले. मुकादम स्टँपपेपर दाखवून म्हणतो, पुढच्या हंगामालाही माझ्याच टोळीत यावयाचे, नाही तर बैल सोडून नेतो. त्यांचा शिकणारा मुलगा वाचनालयात येऊन विचारतो, याला काही कायदा आहे काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्यात शोधावे लागते. प्रत्येक उचल ही वेठबिगारी नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. परंतु दिलेल्या आगाऊ रकमेच्या बदल्यात मजुराला बिनवेतन किंवा किमान वेतनाहून कमी मोलात राबावे लागत असेल, अथवा दुसरीकडे काम करण्याचे किंवा कोठेही जाण्यायेण्याचे स्वातंत्र्य गमवावे लागत असेल, तर ते कलम २ मधील व्याख्येत येऊ शकते. तसे ठरले तर कलम ५ प्रमाणे तो करार रद्दबातल होतो आणि कलम ६ प्रमाणे ते कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपते. त्यासाठी दिवाणी दावाही चालत नाही. कलम १५ तर मुलाने वहीत उतरून घ्यावे असे आहे. मजुराने हे बंधक कर्ज आहे असे म्हटले, की ते तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर पडतो. जिल्ह्यात व उपविभागात दक्षता समित्या नेमण्याची तरतूद कलम १३ मध्ये आहे. म्हणजे कोणाकडे जावे हेही पुस्तकानेच सांगितले.

दुसरा प्रश्न लागू असण्याचा. १९७६ चा कायदा सर्व देशाचा, म्हणून येथे अडचण नाही. पण जमिनीच्या बाबतीत मराठवाड्यातील वाचक हमखास चकतो. पुण्यामुंबईकडचे कूळकायद्याचे पुस्तक बहुधा १९४८ च्या मुंबई कायद्यावर असते. आपल्याकडे तो कायदा नव्हे, तर हैदराबाद राज्याचा १९५० चा कूळवहिवाट कायदा लागू आहे; विदर्भाचा आणखी वेगळा, १९५८ चा. बीड जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे, पण राज्य बदलले म्हणून जुने कायदे आपोआप बदलत नाहीत. १९५६ च्या राज्यपुनर्रचना कायद्यानेच ते ज्या त्या प्रदेशापुरते चालू ठेवले. निजामी अमदानीत कायदे उर्दूतील जरीद्यात प्रसिद्ध होत. आज मराठीत पुस्तक हाती असूनही ते दुसऱ्याच प्रदेशाचे निघावे, हा प्रसंग टाळता येण्यासारखा आहे. म्हणून पुस्तक उघडताच कलम १ वाचावे. कायद्याचे नाव, त्याचा प्रदेश आणि त्याच्या अंमलाची सुरुवात तेथे सांगितलेली असते. घाईत लोक तेच पान ओलांडतात.

जुने पुस्तक आणि नवी मुदत

तिसरा प्रश्न आज सर्वांत महत्त्वाचा झाला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि २९ जुन्या केंद्रीय कायद्यांची जागा त्यांनी घेतली. १९२६ चा कामगार संघटनांचा कायदा, १९३६ चा वेतन प्रदान कायदा, १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा, १९४८ चा किमान वेतन कायदा, १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा, हे सर्व त्यांत गेले. फौजदारीत १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. म्हणजे वाचनालयांच्या फळीवरील कित्येक पुस्तके एकाएकी जुनी झाली. वर उल्लेखिलेला १९७६ चा वेठबिगारीचा कायदा मात्र या २९ मध्ये नाही; तो चालू आहे.

यात केवढे हित गुंतले आहे ते एका गोष्टीवरून दिसेल. किमान वेतनाहून कमी मिळालेल्या पैशाची मागणी जुन्या किमान वेतन कायद्याखाली सहा महिन्यांत करावी लागे. वेतन प्रदान कायद्याखाली बारा महिन्यांत. नव्या वेतन संहितेने ही मुदत तीन वर्षे केली आहे. आता जो मजूर जुने पुस्तक वाचून, किंवा जुने पुस्तक वाचलेल्याचे ऐकून, आपली मुदत टळली म्हणून घरी बसेल, त्याचे पैसे कायद्याने बुडवले असे म्हणता येणार नाही. ते पुस्तकाच्या सालाने बुडवले. म्हणून मुखपृष्ठामागील आवृत्तीचे वर्ष पाहणे ही कायदा वाचणाऱ्याची पहिली सवय असावी.

तथापि जुनी पुस्तके रद्दीत घालू नयेत. घटना ज्या दिवशी घडली त्या दिवशीच्या कायद्याने निर्माण झालेले हक्क, तो कायदा पुढे रद्द झाला म्हणून सहसा नष्ट होत नाहीत. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम ६ चे हेच तत्त्व आहे. २०२३ साली कामावर झालेल्या अपघाताची भरपाई मागताना तेव्हाचा कायदा लागेल. जुन्या मागणीला नवी मुदत लागू पडते काय, हा प्रश्न मात्र सल्ल्याचा आहे. तो वकिलापुढेच ठेवावा. ग्रंथपालाने एवढेच करावे की, रद्द झालेल्या कायद्याच्या पुस्तकावर केव्हापासून रद्द आणि त्याऐवजी काय, अशी चिठ्ठी डकवावी. या चिठ्ठीला खर्च नाही, आणि तिचा उपयोग नव्या पुस्तकाइतकाच आहे.

निवाडे कसे शोधावेत

चौथा प्रश्न न्यायनिवाड्यांचा. सटीप पुस्तकात “ए. आय. आर. १९८२ एस. सी. १४७३” असे काहीतरी छापलेले असते आणि ते पाहून वाचक घाबरतो. ते केवळ पत्त्याप्रमाणे वाचावे. ऑल इंडिया रिपोर्टर हे नागपूरहून निघणारे निवाड्यांचे नियतकालिक, १९८२ हे त्याचे वर्ष, एस. सी. म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा विभाग. १४७३ हे पान. मुंबईचे बॉम्बे लॉ रिपोर्टर १८९९ साली सुरू झाले. त्याचाही पत्ता असाच लिहितात.

वर दिलेला पत्ता आम्ही सहज घेतलेला नाही. तो दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांचा खटला आहे. एका संघटनेने न्यायमूर्तींना पाठविलेल्या पत्रावरून तो सुरू झाला. किमान वेतनाहून कमी पैशात कोणी राबतो तो राजीखुशीने नव्हे; भूक आणि दारिद्र्य हीही सक्तीच होय, आणि असे काम संविधानाच्या अनुच्छेद २३ ने निषिद्ध केलेल्या वेठीत मोडते, असे न्यायालयाने त्यात म्हटले. त्यापुढचा निवाडा ए. आय. आर. १९८४ एस. सी. ८०२ येथे आहे. तो फरिदाबादच्या दगडखाणीतील मजुरांचा आहे. मजुराकडून सक्तीने काम घेतले जाते असे दिसले, की ते आगाऊ रकमेपोटीच आहे असे गृहीत धरता येते. तसे नसेल तर ते दाखविण्याची जबाबदारी दुसऱ्या बाजूवर येते, असे तेथे ठरले. आपल्या कोयत्याच्या मुलाला हे दोन पत्ते आणि कलम १५ एवढे मिळाले, तर तो वकिलापुढे रिकाम्या हाताने बसणार नाही.

हे निवाडे वाचण्यास आता नागपूरचे बांधीव खंडच हवेत असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये आपले छापील निवाडे ‘ई-एससीआर’ या नावाने संगणकावर विनामूल्य खुले केले आणि त्यांतील कित्येकांची मराठी भाषांतरेही दिली. भाषांतर समजण्यासाठी, वाद आल्यास मूळ इंग्रजीच प्रमाण. केंद्राचे आणि राज्यांचे अधिनियम ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर मिळतात, शासननिर्णय राज्य शासनाच्या संकेतस्थळावर, आणि आपल्या स्वतःच्या खटल्याची तारीख ‘ई-कोर्ट्स’वर सोळा अंकाक्षरांच्या सी. एन. आर. क्रमांकाने पाहता येते. अलीकडे प्रश्न विचारताच उत्तर रचून देणारी यंत्रेही भ्रमणध्वनीत आली आहेत. त्यांचे उत्तर ओघवते असते, पण २०२३ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात अशा यंत्राने रचलेले, कधीच न झालेले निवाडे सादर केल्याबद्दल वकिलांना पाच हजार डॉलर दंड झाला. म्हणून यंत्राने पत्ता सांगितला तरी त्या पत्त्यावर जाऊन घर आहे की नाही ते पाहावे.

पुस्तक मिटल्यावर

माहिती मिळाली, आता सल्ला हवा. तो विकत घेण्याची ऐपत नसेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याकडे यावे. बीडच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे आणि तालुक्यांच्या न्यायालयांत समित्या आहेत. या कायद्याचे कलम १२ प्रत्येक वाचनालयाच्या भिंतीवर लावावे असे आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीतील माणसे, दुष्काळ-पूर यांसारख्या आपत्तीत सापडलेले लोक आणि वेठीला धरले गेलेले लोक, यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत तो मिळतो. आपल्या उदाहरणातील बाई तर केवळ स्त्री म्हणूनच या हक्कास पात्र आहे. १५१०० हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे.

आणि जे पुस्तकात नसते, कचेरीच्या दप्तरात असते, त्यासाठी २००५ चा माहितीचा अधिकार आहे. दक्षता समितीच्या बैठका केव्हा झाल्या, त्यांत काय ठरले, हे दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येते आणि तीस दिवसांत उत्तर देणे कचेरीवर बंधनकारक आहे. दारिद्र्यरेषेखालील माणसाला ते दहा रुपयेही पडत नाहीत.

वाचनालयांकडे एक मागणी

अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात १८९१ पासून परगण्यापरगण्यांतून कायद्याची सार्वजनिक ग्रंथालये आहेत. दिवाणी दाव्याच्या फीतून एक लहानसा हिस्सा त्यांना मिळतो, आणि तेथे वकिलाशेजारी भाडेकरूही येऊन बसतो. न्यायालय चालविण्यासाठी लोक पैसे भरतात, तर त्यांतला थोडा भाग लोकांनी कायदा वाचावा यासाठी खर्च व्हावा, हा विचार आपल्याकडे कोणी लोकप्रतिनिधीने उचलून धरावा असा आहे. पण त्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही.

प्रत्येक वाचनालयाच्या चालकांना आमची विनंती एका कपाटाची आहे. त्यात संविधानाची मराठी प्रत असावी. चार श्रमसंहिता, न्याय संहिता, १९७६ चा वेठबिगारीचा कायदा, आपल्या भागाचा १९५० चा कूळकायदा, माहितीच्या अधिकाराचा कायदा आणि न्यायव्यवहार कोश असावा. शेजारी एक वही असावी. तीत कोणत्या विषयावर काय विचारले गेले आणि कोठे सापडले हे, विचारणाऱ्याचे नाव न लिहिता, टिपून ठेवावे. दोन वर्षांत ती वहीच त्या गावची मार्गदर्शिका होईल. संगणक असेल तर त्यावर वरील संकेतस्थळे उघडून देणारा एक तरुण आठवड्यातून दोन संध्याकाळी बसवावा. वाचकाला पुस्तक मिळावे आणि पुस्तकाला वाचक मिळावा, हे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ सालीच ग्रंथालयशास्त्राच्या सूत्रांत सांगून ठेवले आहे.

ही व्याख्याने चैत्र-वैशाखात होतात तेव्हा टोळ्या कारखान्यांवरून परतलेल्या असतात आणि घरोघर उचलीचा हिशेब चाललेला असतो. पावसाळ्यात पुन्हा उचली वाटल्या जातील आणि स्टँपपेपरवर अंगठे उमटतील. मधले हे तीन-चार महिने वाचण्याचे आहेत. तेवढ्या अवधीत एक कपाट भरणे आणि त्याची किल्ली सर्वांना ठाऊक असणे, हे आपल्या गावांना झेपण्यासारखे काम आहे.